बैलांना वाट ठाऊक होती

बांधावर माणूस नुसता येऊन उभा राहिला की रखमाजी पाटलाला कळायचं. कामाचा माणूस लांबूनच हाक मारतो, बोलत बोलत येतो. रस्त्याची बातमी घेऊन आलेला माणूस गप उभा राहतो आणि औत आपल्याकडं वळायची वाट बघतो.

त्या दिवशी झुंबरबाई तशी उभी होती. गावच्या जागल्याची, हौशीरामाची, ती बायको. डोक्यावरच्या इरल्यावरनं पाणी गळत होतं आणि तिचे हात मोकळेच होते. रखमाजीनं तिला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि चिखलणीचा आणखी एक फेरा काढला. मग बैल थांबवले.

"काय गं?"

"आबा, रस्त्याच्या मोरीपाशी पडलंय."

"कोन?"

"वळखू येत न्हाई. म्हातारं हाये. आपल्यातलं न्हाई."

आपल्यातलं नाही हे ऐकून त्याला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. औताचा कासरा पोराच्या, सोपानाच्या हातात देऊन तो पाय धुवायलाही न थांबता निघाला.

आषाढ सरत आला होता. सावळवाडीची लावण निम्मी उरकली होती, निम्मी बाकी होती. ह्याच दिवसांत पुण्याला घोड्यांच्या रेसा असायच्या. शुक्रवार-शनिवार आला की मुंबईच्या शेटलोकांच्या मोटारी खंडाळ्याचा घाट चढून यायच्या, आणि लोणावळा मागं पडून सपाटी लागली की सुटायच्या. गावाची निम्मी खाचरं रस्त्याच्या पलीकडं. बाया डोक्यावर आवणाच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या घेऊन रस्ता ओलांडायच्या. इरलं डोक्यावर असलं की बाजूचं दिसत नाही, आणि पावसात ऐकू येत नाही.

आधी पोलीस पाटील म्हणजे बांधाची भांडणं, शेळ्यांच्या चोऱ्या, कधीमधी विहिरीत गेलेली एखादी सासुरवाशीण. रस्त्यावर डांबर पडलं आणि रखमाजीच्या मागं हे लागलं. मुडद्याला कुणी हात लावायचा नाही, काही हलवायचं नाही, ठाण्याचा माणूस येईपर्यंत राखण करायची, पंच गोळा करायचे, ओळख पटवायची. पंच व्हायला कुणी तयार नसायचं. ऐन लावणीत तालुक्याच्या फेऱ्या कोण घालणार? माणसं त्याला बघून वाट बदलायची.

हे काम करून करून त्याला एक गोष्ट कळली होती. मोटारीनं उडवलेल्या माणसाच्या वहाणा जागेवरच राहतात, माणूस पुढं जाऊन पडतो. त्यामुळं तो आधी वहाणा शोधायचा आणि तिथून पुढं बघायचा. आता त्याला कुठंच उलटी पडलेली वहाण बघवत नव्हती. देवळात भजनाला गेला तरी दारातल्या सगळ्यांच्या वहाणा सरळ लावून मग आत जायचा. पोरं हसायची.

मोरीपाशी म्हातारा पालथा पडला होता. मोटार थांबलेली नव्हती. रखमाजीनं त्याला वळवलं नाही, वाकून तोंड तेवढं पाहिलं. ओळखीचं नव्हतं. त्यानं गड्याला ठाण्याकडं पिटाळलं आणि नथूच्या खाचराकडं आला.

नथू त्याच्या भावकीतला, वयानं बराच लहान. त्याची बायको मुक्ताबाई आणि तो दोघं आवण उपटत होती.

"नथू, हौशीराम तापानं फनफनलाय. मोरीपाशी रातचं कोन बसंल?"

नथू हसला. "कोन बसंल म्हंजी मीच की. तुमी कोन बसंल म्हनला की समदी माज्याकडंच बघत्यात."

"तू भीत न्हाईस म्हून."

"भीत न्हाई, आन् मला घरी झोप तरी कुटं लागती? ही घोरती."

"घोरतंय कोन ते बैलास्नी इचारा," मुक्ताबाई वर न बघता म्हणाली. "आबा, ह्येंच्या घोरन्यानं आमच्या गोठ्यात उंदीर येत न्हाई."

तिघंही हसली. रखमाजीला त्या दिवसात हसू आलं ते तेवढंच.

घरी आला तेव्हा सून नंदाबाईनं अंगणात पाण्याचा हंडा ठेवून दार लोटून घेतलं होतं. मुडद्यापासून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात येत नाही. बायको विठाबाई होती तोवर ती पाठीवर पाणी ओतायची, घोंगडीच्या तुकड्यानं पाठ घासायची. कोण होतं, कसा मेला, एक शब्द विचारायची नाही. "वाका जरा," एवढंच म्हणायची. गेल्या पौषात ती गेली. सुनेला सासऱ्याची पाठ चोळता येत नाही. तो आपल्या हातानं अंगावर पाणी घेऊ लागला. पाठीच्या मधोमध हात पोचत नव्हता, तेवढी जागा तशीच राहायची.

"मामांजी, दोन घास तरी खावा," नंदाबाई म्हणाली.

त्यानं भात कालवला. पांढऱ्या भाताकडं बघत बसला. मग ताट सरकवलं.

सकाळी ठाण्याचा जमादार एक शिपाई घेऊन आला. पंचनामा झाला. म्हाताऱ्याचं नाव-गाव कुणाला सांगता येईना. आता मुडदा तालुक्याला डॉक्टरकडं न्यायचा होता, आणि त्याला बैलगाडी पाहिजे होती.

"पाटील, गाडी बघा," जमादार म्हणाला.

गाडी रखमाजीची होती, बैलही होते. पण त्या दिवशी त्याच्या खाचरात लावण होती. गावातल्या बाया सावडीनं आल्या होत्या. आज ह्याच्या शेतात, उद्या तिच्या. मुक्ताबाईही त्यांच्यात होती. आवण उपटून ठेवलेलं होतं, आणि चिखलणीला बैल नसते तर बाया माघारी गेल्या असत्या, आवण वाळून गेलं असतं. त्यानं खाचरातल्या बायांकडं पाहिलं.

"माजी नेतो," नथू म्हणाला. रात्रभर भिजून त्याच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. डोळे लाल होते.

"तू रातभर जागलायस, नथू."

"जाताना शिपाई हाये की बोलाया. येताना बैलं हायेत." तो जांभई देत म्हणाला. "तुमची लावन हू द्या, आबा. आवान वाळलं तर परत कुटनं आनायचं?"

रखमाजी म्हणाला, "बरं."

नथूनं गाडी जुंपली. कवड्या आणि बाळ्या, दोन्ही डांगी जातीचे, अंगावर काळे ठिपके. पावसातली बैलं ती. गाडीत पेंढा घातला, म्हाताऱ्याला वर घेतला, पोतं पांघरलं. गाडी कामशेतच्या बाजूला गेली.

दिवसभर लावण झाली. पाऊस उघडझाप करत होता. बाया ओळीनं वाकलेल्या, गाणं म्हणत मागं मागं सरकत होत्या. दिवस कलला तेव्हा रस्त्याकडून गावात येणाऱ्या वाटेवर दोन बैल दिसले. दोघांच्या मानेवर जू होतं आणि गाडीच्या मोडलेल्या धुऱ्या मागं फरपटत होत्या. ते धावत नव्हते. रोजच्यासारखे, त्यांच्या चालीनं येत होते.

आधी मुक्ताबाईनं पाहिलं. तिच्या हातात आवणाची जुडी होती.

"आमची बैलं अशी कशी आली?" ती म्हणाली. बायांचं गाणं थांबलं. ती चिखलातून बाहेर आली, वाटेवर गेली, कवड्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं रस्त्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

रखमाजी पळाला. एवढ्या वर्षांत रस्त्याकडं तो पळाला असा पहिल्यांदाच.

गावच्या नाक्याशी मोटार तिरकी उभी होती. तिचा एक दिवा फुटला होता. गाडीची साटी एका अंगाला कलली होती, एक चाक गटारात होतं. नथू पुढं डांबरावर पडला होता, उताणा. पाऊस त्याच्या उघड्या तोंडात पडत होता.

त्याला पाहिल्यावरही रखमाजीची नजर सवयीनं वहाणा शोधत फिरली. रस्त्यावर वहाणा नव्हत्या. तो साटीपाशी गेला, वाकून आत पाहिलं. पेंढ्यावर पोत्याची घडी होती, आणि त्या घडीखाली नथूच्या वहाणा एकावर एक नीट ठेवलेल्या होत्या. उशाला. पोत्याला मधोमध डोक्याचा खळगा तसाच होता.

नथू झोपला होता. बैल वाटेनं आले होते, नाक्याशी आल्यावर रोजच्यासारखे उजवीकडं गावाला वळले होते, आणि समोरून मोटार आली होती.

रखमाजीनं मागं वळून पाहिलं. मोटारीतला शेट रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून ओकत होता. ड्रायव्हर मोटारीला टेकून उभा होता, तोंड पलीकडं करून. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं वहाणा काढल्या, पोतं झटकून पसरलं, आणि एक वहाण गाडीशी, एक चार हात पुढं अशी रस्त्यावर टाकली. मुडद्यापाशी असलेलं वाळलेलं पानसुद्धा कुणाला हलवू न देणारा माणूस तो. दुसरी वहाण उलटी पडली. ती सरळ करायला तो वाकला, आणि मग तशीच राहू दिली.

"पाटील का तुम्ही?" ड्रायव्हर जवळ आला. तरुण पोरगा होता, सातारकडचा. "मी हॉर्न दिला हो. आईची शपथ. बैल एकदम आडवे वळले. गाडीवर माणूस मला दिसलाच नाही."

"बसला व्हता त्यो," रखमाजी म्हणाला. "इरल्यात व्हता, म्हून दिसला नसंल तुला."

"इरलं कुठंय मग?"

रखमाजीनं मान फिरवली. ड्रायव्हर त्याच्याकडं बघत राहिला, मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागला.

तेवढ्यात बाया आल्या. मुक्ताबाई पुढं होती. ती सरळ नथूपाशी गेली आणि त्याच्या काखेत हात घालायला लागली.

"मुक्ता, हात लावायचा न्हाई."

"पान्यात पडल्यात, आबा. झाडाखाली तरी घिऊ."

"ठाण्याचा मानूस येस्तवर हलवायचं न्हाई."

"तोंडात पानी चाललंय त्येंच्या!"

तिनं ऐकलं नाही. त्यानं तिची दोन्ही मनगटं धरली. ती ओढ घेत होती, तो धरून होता. ती ताकदीची बाई, तो म्हातारा होत आलेला. तिच्या हाताचा चिखल त्याच्या सदऱ्यावर, दाढीवर लागला. हा चिखल त्याच्याच खाचरातला होता. "सोडा मला, आबा," ती म्हणत होती, "माजा मानूस हाये, तुमच्या सरकारचा न्हाई." बाकीच्या बाया बघत उभ्या होत्या. शेवटी तिचं बळ सरलं. ती खाली बसली. रखमाजीनं झुंबरबाईचं इरलं मागून घेतलं आणि नथूच्या तोंडावर आडवं धरून उभा राहिला. फौजदार येईपर्यंत तो तसाच उभा होता. इरलं त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

ह्या खेपेला मुडदा रखमाजीच्या गाडीतून गेला. तो गाडीत बसला नाही. बैलांच्या पुढं, कासरा धरून तालुक्यापर्यंत चालत गेला आणि चालत आला. डॉक्टरनं चिरून पुन्हा शिवून दिलेला नथू गावच्या ओढ्याकाठी जाळला. पावसानं लाकडं पेटेनात. रॉकेल ओतावं लागलं.

सगळे माघारी फिरले तेव्हा मुक्ताबाई त्याच्या वाटेत उभी राहिली.

"आबा, त्यो डायवर म्हनतोय म्हनं, गाडीच आडवी आली."

"म्हननारच त्यो."

"तसं लिवू देऊ नका." ती हळू बोलत होती. "गेलं मानूस, त्ये काय येत न्हाई. पर आपल्या चुकीनं गेलं असं नगं. उद्या पोरगं मोटं हुईल, चार मानसं त्येला सांगतील, तुजा बाप आपल्याच चुकीनं मेला. येवढं तुमी बघा. तुमचं फौजदार ऐकतोय."

"बघतो," रखमाजी म्हणाला.

जबाब चावडीत झाले. फौजदार तळेगावचा, तरुण, कष्टाळू माणूस. रेसांच्या दिवसांत त्यालाही घरचं तोंड दिसत नसे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. जमादारानं चहा आणला तो त्यानं घेतला आणि तसाच निवू दिला.

"पाटील, कपाच्या कडेला माशी बसली तरी मला हल्ली तेच दिसतं," तो म्हणाला. "तुम्हाला जेवण जातं का?"

"न्हाई जात, सायेब."

"मलाही नाही." त्यानं कप बाजूला केला. "बरं. तुमचं काय म्हणणं आहे?"

रखमाजीनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "सायेब, येक लिवून घ्या. नथू आदल्या रातीला मोरीपाशी सरकारी कामावर बसला व्हता. माज्या सांगन्यावरनं. आन् सकाळी मुडदा घिऊन गेला त्योबी सरकारी कामाला. माजी गाडी असताना मी त्येला जाऊ दिलं. जे काय असंल ते माज्यावर लिवा."

फौजदारानं मान वर केली. "म्हणजे तो रात्रभर जागा होता."

"व्हय."

"मग येताना झोपला असेल, असं तुमचं म्हणणं?"

रखमाजीचं तोंड उघडंच राहिलं. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आपला दोष सांगायला गेला की नथूची झोप सांगावी लागत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "झोपला न्हवता. वहाना रस्त्यावर व्हत्या की. तुमी बघितल्या."

"मग रात्री जागला होता हे कशाला सांगता?"

रखमाजी खाली जमिनीकडं बघू लागला.

"शिवाय मुडदा डॉक्टरच्या ताब्यात दिला की सरकारी काम संपलं," फौजदार म्हणाला. तो कठोरपणे बोलला नाही. "परत येताना तो त्याच्या घरी येत होता. ते मला इथं लिहिता येत नाही, पाटील."

मग मुक्ताबाईला बोलावलं. ती भिंतीशी बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढून. कपाळ मोकळं होतं. फौजदारानं नाव, वय विचारलं, गाडी कधी गेली ते विचारलं. ती एकेक शब्दात सांगत होती. रखमाजी दाराशी उभा होता.

"बाई, ड्रायव्हर म्हणतो बैल बुजले आणि आडवे पळाले. बैल बुजरे होते का? मारके होते?"

मुक्ताबाईनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काही आलं.

"बुजरी? कवड्या-बाळ्या?" ती म्हणाली. "सायेब, माजं पोरगं त्येंच्या पायात खेळतंय. लोनावळ्याच्या बाजारात इंजान शिट्टी मारतंय तरी कान हलवत न्हाईत. कोन म्हनतो बुजरी?"

"रस्ता चुकायचे का कधी?"

"रस्ता!" ती पुढं सरकून बसली. "ह्येनी कामशेत सुटलं की गाडीत आडवं व्हायचे. खुशाल निजायचे. कासरासुदिक धरायचे न्हाईत. आन् ही बैलं त्येस्नी दारापातूर आनायची. मी म्हनायची, आली बगा बैलं तुमाला घिऊन."

"मुक्ता," रखमाजी म्हणाला.

"पाटील, मधे बोलू नका." फौजदार टाक धरून थांबला होता. "झोपायचे म्हणता. नेहमी?"

"कवाबी."

"त्या दिवशीही झोपले असतील?"

"झोपल्यालंच असनार. रातभर डोळ्याला डोळा न्हवता. पर बैलं चुकली न्हाईत, सायेब. नाक्यावर बराबर वळली. ह्येनी पडल्यावरबी ती कुटं पळाली न्हाईत. जू घिऊन माज्याकडं आली, मला सांगाया. जनावराची काय बी चूक न्हाई. आन् असली बैलं ज्याच्या हाताखाली तयार झाली, त्या मानसाची तरी काय चूक असंल?"

एवढं बोलून ती थांबली. तिला दम लागला होता.

फौजदारानं टाक खाली ठेवला. रखमाजीकडं पाहिलं. रखमाजीनंही त्याच्याकडं पाहिलं. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता. मग फौजदारानं टाक उचलून दौतीत बुडवला आणि लिहायला लागला. लिहून झालं तसं त्यानं सगळं वाचून दाखवलं. तो गाडीत झोपून येत असे, त्या दिवशीही झोपला असणार, बैल आपण होऊन वळले. मुक्ताबाई एकेक शब्दाला मान हलवत होती.

"बराबर हाये?"

"बराबर."

"पाटील, अंगठा घ्या."

अंगठा घ्यायचं काम पाटलाचं. रखमाजी तिच्यापाशी खाली बसला. तिचा हात हातात घेतला, अंगठा शाईवर टेकवला, कागदावर ठेवला आणि वरून दाबला. लावणीच्या चिखलानं तिच्या अंगठ्याची कातडी चिरली होती. शाई चिरांत गेली. त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली, निघाली नाही. खाली त्याला स्वतःची सही करायची होती. पाटलासमक्ष, राजीखुशीनं. त्यानं सही केली.

"कोर्टानं बोलावलं तर हेच सांगायचं, बाई," फौजदार खाली बघत म्हणाला. "कमी-जास्त करायचं नाही."

"न्हाई करनार."

पायरीवर तिनं विचारलं, "आबा, नीट झालं न्हवं माजं सांगनं?"

"झालं," रखमाजी म्हणाला.

"सायेबानं बैलाचं दोनदा इचारलं. मानूस चांगला हाये."

सुतक संपायच्या आत तिची लावण व्हायला हवी होती. आवण वाढून चाललं होतं. गावानं सावड तिच्या खाचरात आणली. रखमाजीनं चिखलणीला स्वतःचे बैल आणले नाहीत. तिनंच निरोप पाठवला होता की कवड्या-बाळ्याच जुंपा, ती उगं उभी हायेत. बैलांना त्याचा हात नवा होता, तरी ते रोजच्यासारखे चालत होते. खाचराच्या कडेला आले की सांगायच्या आत वळत होते.

मुक्ताबाई बांधावर बसली होती, शिवाशीव नको म्हणून लांब. लावणी करणाऱ्या बायांना ती मोठ्यानं सांगत होती, "सायेबानं मला खुर्चीवरनं खाली वाकून इचारलं. समदं लिवून घेतलं. येक शब्द गाळला न्हाई." बाया गाणं थांबवून ऐकत होत्या. "बरं झालं बाई," एकजण म्हणाली. "कुनीतरी सांगाया पायजेलच व्हतं." त्यांच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. गाडीत कोण झोपत नव्हतं? रखमाजी स्वतः झोपत होता.

मोटारीचा हॉर्न ऐकू आला. शनिवार होता. रखमाजीचे हात औतावर घट्ट झाले. मोटार गेली. आवाज कामशेतकडं जाऊन विरला, तरी तो ऐकत राहिला.

तो फेरा काढून बांधाशी आला तशी मुक्ताबाई म्हणाली, "आबा, कोर्टातनं कवा बोलावतील?"

"सांगावा येईल."

"तवर मी इसरून जाईन. तितं मानसं बघून मला सुचत न्हाई." तिनं पदर सारखा केला. "मी रोज मनात म्हनती. तुमाला म्हनून दावू का? तुमी तितं व्हता. चुकलं तर सांगा."

"मुक्ता," तो म्हणाला, "त्ये झोपायचं जे हाये..."

"त्येच तर मुख्य," ती म्हणाली. "त्येच सायेबानं दोनदा इचारलं. त्ये सांगितलं न्हाई तर बैलं चांगली व्हती हे कुनाला पटंल?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती सरळ बसली होती. नथू गेल्यापासून ती अशी बसलेली त्यानं पाहिली नव्हती. सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि काय सांगायचं ते त्याला सापडेना. झोपेचं सांगावं तर नथूवर दोष आला तो तिच्याच तोंडानं, हे सांगावं लागलं असतं. रात्रीच्या राखणीचं सांगावं तर ते तिला ठाऊकच होतं, आणि तिनं त्याला त्याबद्दल एक शब्द कधी बोलून दाखवला नव्हता.

बैल वळून उभे राहिले होते. पुढं चालायची वाट बघत होते.

"म्हन," तो म्हणाला.

ती म्हणायला लागली. त्यानं औत दाबलं आणि बैल हाकले. तो पलीकडं गेला की ती आवाज चढवायची, जवळ आला की उतरवायची. कामशेत सुटलं की ह्येनी आडवं व्हायचे. कासरासुदिक धरायचे न्हाईत. त्या दिवशी झोपल्यालंच असनार, रातभर डोळ्याला डोळा न्हवता. बैलं नाक्यावर बराबर वळली. पाऊस आला तरी ती थांबली नाही, शेवटपर्यंत म्हणाली.

"कुटं चुकलं का, आबा?"

रखमाजी बांधाशी उभा होता. तिचा एकही शब्द चुकला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "चुकलं न्हाई."

"मग परत येकदा म्हनती," मुक्ताबाई म्हणाली, आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.